सरासरीची झडती घेणारे डॉ. सुखात्मे

आपल्या वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात चरित्रलेख म्हटला की कवी, कादंबरीकार, नाहीतर समाजसुधारक येतात. मी साहित्याची विद्यार्थिनी, तेव्हा माझ्याकडूनही तीच अपेक्षा असणार. पण या वेळी मी एका संख्याशास्त्रज्ञावर लिहितेय. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. गणिताचं नाव काढल्यावर पान उलटू नका, कारण या माणसाचं सगळं काम एका साध्या प्रश्नाभोवती फिरलं. कुणी सरासरी सांगितली, तर ती खरी कशावरून? कादंबरी वाचताना निवेदकाच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, हे आपण वर्गात शिकतो. सुखात्म्यांनी तोच संशय आकड्यांवर घेतला. आणि ते आकडे उपाशी माणसांचे होते.

मी पांढुर्ण्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे भाग छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून आमचा नवा जिल्हा झाला. कचेरीतले कागद हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत, आणि वावरात संत्रा न् कापूस. इथे सरासरीवाचून कोणाचं पान हलत नाही. बियाणं विकणारा एकरी सरासरी उतारा सांगतो. बगीचा घेणारा झाडामागे सरासरी किती माल निघेल त्याचा अंदाज बांधतो. हे सगळे दावेच आहेत, आणि दावा तपासता येतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा व्यापारी म्हणतो, एका कॅरेटमध्ये सरासरी २० किलो संत्रा बसतो, म्हणून मी कॅरेटमागे २० किलोचेच पैसे देणार. शेतकऱ्याला वाटतं, माल जास्त जातोय. मग त्याने १६ कॅरेट वजनकाट्यावर चढवले. सरासरी निघाली २०.६ किलो. व्यापारी म्हणेल, सहाशे ग्रॅमने काय होतं, कॅरेट थोडं खाली-वर भरणारच. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून आधी हे खाली-वर होणं किती आहे ते मोजायचं. त्याला प्रमाण विचलन म्हणतात. समजा ते १.२ किलो आलं. १६ चं वर्गमूळ ४, त्याने १.२ ला भागलं की ०.३. म्हणजे १६ कॅरेटच्या सरासरीत निव्वळ योगायोगाने साधारण ०.३ किलोचा फरक पडू शकतो. आपल्याला दिसलेला फरक ०.६, म्हणजे त्याच्या दुप्पट. १६ नगांसाठी, आणि माल जास्त जातोय का एवढंच विचारायचं असेल तर, कोष्टकातली पाच टक्क्यांची मर्यादा साधारण १.७५ आहे. दोन हा आकडा तिच्या पुढे जातो. तेव्हा २० किलोचा दावा टिकत नाही. ५०० कॅरेट गेले असतील तर जवळपास ३०० किलो माल फुकट गेला.

हिला टी-चाचणी म्हणतात. ती विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली मांडली. ते डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांनी आपला शोध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. थोडक्या नमुन्यावरून सरासरीबद्दल किती ठामपणे बोलता येतं, हा त्यांचा रोजच्या कामातला प्रश्न होता.

पण माझ्या उदाहरणात एक गोष्ट मी गुपचूप मान्य करून टाकली. ते १६ कॅरेट कोणी निवडले? शेतकऱ्याने ठासून भरलेलेच काट्यावर आणले असतील, तर पुढचं सगळं गणित बिनचूक असूनही उत्तर चुकीचं येईल. सुखात्म्यांचं आयुष्य इथून समजून घ्यावं लागतं.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला गेले. तो काळ संख्याशास्त्रासाठी फार मोठा होता. रोनाल्ड फिशर, एगन पिअर्सन आणि पोलंडहून आलेले जर्झी नेमन ही तिन्ही माणसं त्या एका कॉलेजात होती आणि त्यांचं आपसात पटतही नव्हतं. नेमन आणि पिअर्सन यांनी दाव्यांच्या परीक्षेचं शास्त्र नुकतंच उभं केलं होतं. त्यांनी सांगितलं की परीक्षेत चुका दोन प्रकारच्या होतात. पहिली, खरा दावा खोटा ठरवणं. दुसरी, खोटा दावा खरा म्हणून सोडून देणं. हातातला नमुना तेवढाच असेल तर एक चूक कमी करायला जावं, तर दुसरी वाढते. म्हणून कोणती चूक जास्त महागात पडेल ते माणसाने आधीच ठरवायचं असतं. ते गणित ठरवून देत नाही.

ही दोन चुकांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

लंडनला असतानाच, १९३५ साली, सुखात्म्यांनी नेमन यांच्या नमुना निवडण्याच्या सिद्धान्तावर पुढचं काम करून निबंध छापला. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, १९३९ मध्ये डी.एस्सी. १९३८ साली ‘संख्या’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. दोन गटांच्या सरासरीत खरंच फरक आहे का, हे दोन्ही गटांतलं खाली-वर होणं सारखं नसतानाही कसं तपासायचं, हा त्याचा विषय. आपल्या भाषेत सांगायचं तर, एका बगीच्यातली फळं एकसारखी आणि दुसऱ्यातली लहान-मोठी असतील, तर दोघांच्या सरासरीची तुलना जपून करावी लागते.

परत आल्यावर काही काळ त्यांनी कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेत काम केलं. १९४० साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले. तिथे त्यांनी उभी केलेली संख्याशास्त्राची शाखा पुढे वाढत वाढत भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था झाली.

त्या वेळी देशात किती धान्य पिकतं हे कसं कळायचं? आणेवारीने. गावचा अधिकारी पीक डोळ्याने बघायचा आणि यंदा रुपयात इतके आणे पीक आहे असं लिहायचा. नेहमीचा उतारा आधीच ठरलेला असे. त्याला आण्यांनी आणि पेऱ्याच्या क्षेत्राने गुणलं की झालं जिल्ह्याचं उत्पादन. आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा भाग तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि इथला हिशेबही असाच नजरेवर चाले. कागदावरचा आकडा मात्र नीट मोजल्यासारखा दिसायचा. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. त्या मृत्यूंची कारणं पुष्कळ होती. पण देशात धान्य किती आहे हेच कोणाला धड माहीत नसणं किती घातक आहे, ते तेव्हा उघड झालं.

सुखात्म्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजवली. तहसिलीतली गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यदृच्छ निवडायची. गावातलं शेत तसंच निवडायचं, आणि शेतात कापणीचा तुकडा कुठे आखायचा तेही यदृच्छ आकड्यांच्या कोष्टकावरून ठरवायचं. मग तेवढ्या तुकड्यातलं पीक कापायचं, मळायचं, वाळवायचं आणि तोलायचं. चांगलं पीक दिसतं तिथे तुकडा आखायची मुभा कोणालाच नाही, ना पटवाऱ्याला ना शेतकऱ्याला. हे काम महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडूनच करून घ्यायचं, असा त्यांचा आग्रह होता. कापसाच्या उताऱ्याच्या अशा पाहण्यांचं काम विनायक गोविंद पानसे यांनी केलं, आणि ते आमच्या शेजारच्या वऱ्हाडातही झालं.

याच कामात त्यांचा वाद झाला तो प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्राचे कुलगुरूच म्हणा ना. बंगालमध्ये ते अगदी लहान तुकडे कापत. लहान तुकडा स्वस्त पडतो, पटकन होतो, त्यामुळे जास्त ठिकाणी घेता येतो. सुखात्म्यांनी उत्तर प्रदेशात मुरादाबादला गव्हाच्या शेतांत लहान-मोठे तुकडे शेजारी शेजारी कापून बघितले. लहान तुकड्यांतून निघणारी सरासरी जास्त येत होती. कारण साधं आहे. २ फूट त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्याचं क्षेत्रफळ साधारण १२.६ चौरस फूट आणि त्याची कडही साधारण १२.६ फूट. आता ३० फूट बाजूचा चौकोन घ्या. त्याचं क्षेत्रफळ ९०० चौरस फूट आणि कड फक्त १२० फूट. कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, हाताला तशी खोड असते. मोठ्या तुकड्यात ती जिरून जाते, लहान तुकड्यात ती सरासरीच वर चढवते.

यातून कोणत्याही विद्याशाखेच्या विद्यार्थ्याने घ्यावी अशी एक गोष्ट आहे. योगायोगाची चूक नमुना वाढवला की कमी होते. पण एकाच बाजूला झुकणारी चूक नमुना कितीही वाढवला तरी जात नाही. हजार लहान तुकडे कापले तर तेच चुकीचं उत्तर आणखी ठामपणे हाती येतं. आज कुठल्याही वस्तूला हजारो लोकांनी दिलेले सरासरी तारे बघताना मला हे आठवतं.

१९५१ साली सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले. १९५४ मध्ये त्यांचं नमुना पाहणीवरचं पुस्तक आलं, आणि ते जगभर शिकवलं गेलं. रोमला त्यांच्यापुढे आलेला दावा सगळ्यात मोठा होता. जगातले दोन-तृतीयांश लोक उपाशी आहेत, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. हा आकडा देशादेशांच्या सरासरी उष्मांकांवरून निघाला होता. देशाची सरासरी गरजेपेक्षा कमी, म्हणजे सगळा देश उपाशी, असा तो हिशेब. सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. देशाच्या सरासरीऐवजी घराघरातला फरक धरला, तर पोटभर न मिळणारे लोक जगात साधारण १० ते १५ टक्के निघतात, आणि निकस आहाराचे धरून हा आकडा निम्म्यापर्यंत जातो, असं त्यांनी मांडलं. आकडा खाली आला, पण त्याला आता आधार होता. १९६३ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना गाय पदकाचं रौप्यपदक दिलं.

पुढचा दावा प्रथिनांचा होता आणि त्यात धंदाही होता. साठच्या दशकात जगभर प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी झाली. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांचा त्यावर अहवाल आला. गरीब देशांसाठी प्रथिनयुक्त पिठं, पावडरी, लायसिन घातलेला पाव असे पदार्थ पुढे आले. भारतीयांच्या आहारात सरासरी प्रथिनं कमी पडतात, हा त्यामागचा आधार. सुखात्म्यांनी १९७० साली भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे वेगळ्या तऱ्हेने मांडले. आधी कोणाला पोटभर मिळतं आणि कोणाला नाही, असे दोन भाग केले. मग प्रत्येक भागात प्रथिनं कोणाला कमी पडतात ते बघितलं. पोटभर भाकरी-डाळ खाणाऱ्यांत प्रथिनांची कमतरता फारच थोड्यांना होती. ज्यांना ती होती, त्यांना मुळात जेवणच कमी मिळत होतं. शरीराला इंधन कमी पडलं की ते प्रथिनंच जाळून टाकतं. मग डब्यातल्या पावडरीने काय होणार? त्यांना हवं होतं रोजचंच जेवण, पण जास्त. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या आहारतज्ज्ञांचं मतही याच बाजूला झुकलं.

१९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या सुमारास रोमची नोकरी संपवून ते पुण्याला परतले. इथवरची गोष्ट जिंकणाऱ्या माणसाची आहे. यापुढची तशी सरळ नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

त्याच १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचं ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ आलं. माणशी रोज सरासरी २,२५० उष्मांक देण्याइतकाही खर्च ज्या घराला परवडत नाही ते घर गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. १९६०-६१ च्या आकड्यांवरून खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते.

सुखात्म्यांचा आक्षेप असा. सरासरी गरज ही रेषा कशी होईल? कोणाची गरज जास्त, कोणाची कमी. समजा एका गावात प्रत्येकाला अगदी त्याच्या गरजेइतकं जेवण मिळतंय. तरीही जवळपास निम्मे लोक सरासरीपेक्षा कमीच खाणार. मग त्या निम्म्यांना उपाशी म्हणायचं का? शिवाय एकाच माणसाचं खाणं आज कमी, उद्या जास्त होतं आणि शरीर आपलं काम त्याप्रमाणे जुळवून घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून रेषा सरासरीवर न आखता, सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून आखावी. त्याखाली जो गेला तो खात्रीने उपाशी. असं केलं की उपाशी लोकांची संख्या बरीच कमी होत होती.

दांडेकरांनी हे मानलं नाही. १९८१ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दोघांचा वाद रंगला. दोघंही सातारा जिल्ह्यात जन्मलेले, दोघंही पुण्यात राहणारे, वाद मात्र इंग्रजीत. ज्यांच्या ताटाबद्दल तो चालला होता त्यांच्यातल्या फार थोड्यांना तो वाचता आला असेल. आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनीही कडक टीका केली. कमी अन्नाशी जुळवून घेतलेलं शरीर निरोगी नसतं, त्याची किंमत खुरटलेल्या वाढीने आणि कमी झालेल्या ताकदीने मोजावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता त्या दोन चुका आठवा. रेषा वर आखली की पोटभर जेवणारेही उपाशांच्या यादीत येतात. रेषा खाली आखली की ज्यांची गरज मुळातच जास्त आहे, म्हणजे मातीकाम करणारा मजूर किंवा अंगावर पाजणारी आई, असे खरोखर उपाशी लोक यादीबाहेर राहतात. सुखात्म्यांनी पहिली चूक टाळायची ठरवली. दांडेकर आणि गोपालन यांना दुसरीची भीती जास्त होती. गणित दोन्हीकडे बरोबर होतं. आमच्या चर्चमध्ये धान्यवाटपाची यादी करताना हाच प्रश्न दरवेळी निघतो आणि नेमन-पिअर्सनचं नावही न ऐकलेली माणसं त्यावर तावातावाने भांडतात. मला विचाराल तर भुकेच्या बाबतीत दुसरी चूक जास्त वाईट. ज्याचं नाव चुकून यादीत आलं त्याच्या घरी एक पोतं जास्त जाईल. ज्याचं राहिलं त्याच्या घरची चूल पेटणार नाही. इथे मी सुखात्म्यांच्या बाजूने नाही. पण विरोध नेमका कुठे करायचा हे मला त्यांच्याच शास्त्रामुळे कळलं, तेवढं ऋण मानायलाच हवं.

डॉ. सुखात्मे २८ जानेवारी १९९७ ला पुण्यात वारले. माझा जन्म त्यानंतरचा. प्रधानमंत्री फसल विमा योजनेत, उताऱ्यावर आधारलेल्या पिकांसाठी, आजही अनेक ठिकाणी कापणी प्रयोग होतात. पटवारी येतो, ठरलेल्या आकड्यांवरून शेतात जागा शोधतो, दोरीने तुकडा आखतो आणि त्यातलं पीक तोलतो. त्या थोड्या तुकड्यांची सरासरी अख्ख्या भागाची मानली जाते आणि उताऱ्यावरचे विम्याचे पैसे मिळणार की नाही ते बरंचसं तिच्यावर ठरतं. एखाद्याचं एकट्याचं वावर बुडालं असेल, पण भागाची सरासरी चांगली असेल, तर या उताऱ्यावरच्या भरपाईतून त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून तुमच्या गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी वावरात जाऊन उभे राहा. जागा कशी निवडली, दोरी सरळ आहे का, कडेचं झाड आत धरलं की बाहेर, ते बघा आणि विचारा. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.